सांताचं खोकं

मिमय आपणहून आली आणि रोवेनाचे पाय चेपायला लागली.

रोवेनाला खरंच वाटेना. हाँगकाँगहून परतल्यापासून ही सात वर्षांची पोरगी तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. झोपायचं आजीच्या कुशीत, हट्ट करायचा आजीकडे, आणि सख्ख्या आईला पाव्हणीसारखं ‘तुम्ही’ म्हणायचं. पोरीचं तरी काय चुकलं? ती धड चालायला लागायच्या आत रोवेना परक्याच्या म्हाताऱ्या आईचं हगणंमुतणं काढायला समुद्रापार गेली होती. मूत्रपिंडं कामातून गेली, तेव्हा मालकांनी तिकीट हातात ठेवून वाटेला लावलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनीही आडपडदा ठेवला नाही. जपायचं, बाकी देवाच्या हातात, म्हणाल्या. तेव्हापासून रोवेनाचं एकच मागणं होतं. पोरीने आपल्याला एकदा ‘आई’ म्हणावं.

सुजलेल्या पायांत मिमयची इवलीशी बोटं रुतत होती.

“दुखतंय का तुम्हाला?”

“नाही गं राणी. चेप.”

रोवेनाचे डोळे भरून आले. मिमयने काम संपवलं, फ्रॉकला हात पुसले आणि ती उंबऱ्यात गेली. दारावर नाताळचा चांदणीचा कंदील लटकत होता. त्याच्याखाली उभी राहून ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “सांता, बघितलंस ना? चेपले मी त्यांचे पाय. आता तरी खोकं पाठव.”

दर डिसेंबरात या दाराशी ट्रक थांबायचा आणि मिमयच्या छातीएवढं खोकं उतरायचं. चॉकलेटं, साबण, डबाबंद मटण, फ्रॉक, चालताना लुकलुकणारे बूट. सांता पाठवतो, असं आजीने तिला सांगून ठेवलं होतं. आमच्या उन्हात त्याच्या हरणांना हगवण लागते, म्हणून बिचारा ट्रकने धाडतो! सगळी गल्ली त्यात सामील. आणि ते खोकं वर्षभर भरायची कोण, तर रोवेना. आज साबण, उद्या मोजे. मालकांच्या अडगळीच्या खोलीत खोकं पायथ्याशी ठेवायची आणि स्वतः पाय पोटाशी घेऊन झोपायची.

यंदा कुठलं खोकं? नाताळ उद्यावर आला होता. समोरच्या दुकानवाल्या बेबांगने हाळी दिलीच, “काय गं मिमय, तुझा सांता वाट चुकला वाटतं!”

रोवेना भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली. तिची आई, ताली म्हातारी, नारळ खवत बसली होती.

“हे खूळ तिच्या डोक्यात भरवलंसच कशाला, आई? राबले मी, आणि मिरवतोय तो दाढीवाला!”

तालीचा हात थांबला नाही. “आई पाठवते म्हटलं असतं, तर पोरीने विचारलं असतं, खोकं येतं मग आई का येत नाही? काय सांगणार होते मी? तू गेलीस तेव्हा रडून रडून निळी पडायची ती. तू नव्हतीस बघायला.”

“आता आलेय ना मी.”

“आलीस, मग गप बस. खोकं आलं नाही तर शिव्या सांताला बसतील. बसू देत. त्याला काय इथे नांदायचंय? तू कशाला मध्ये तडमडतेस?”

“मला ती माझी म्हणून हवीय. आणि मला थांबायला वेळ नाही, आई.”

म्हातारी नुसती खवत राहिली. आता खरं म्हातारीचं की लेकीचं? मला विचाराल तर दोघींचं पटतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

रोवेना उंबऱ्यात मिमयजवळ टेकली.

“मिमय, सांता नसतो गं.”

“खोटं! आजीने सांगितलंय.”

“तुला रडू येऊ नये म्हणून आजी तसं सांगायची. खोकं मी पाठवायचे.”

“तुम्ही?” मिमयने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विटका झगा, सुजलेले पाय. हसूच आलं तिला. “मग सांगा, लुकलुकते बूट कसे होते?”

“मोठे झाले ना तुला? तुझं पाऊल केवढं झालं असेल, मला कसं कळावं? आजीने फोनवर सांगितलं, पुढे कापूस कोंबलाय म्हणून. मी रडले होते त्या दिवशी.”

मिमयचं हसू गेलं. कापसाचं आजीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

“चॉकलेटंपण तुम्हीच?”

“मीच.”

“फ्रॉक? सगळंच?”

“सगळंच. दर वर्षी.”

“तिकडे राहून?”

“तिकडे राहून, बाळा.”

मिमय एकदम उठली आणि रोवेनाच्या गळ्यात पडली. घट्ट. रोवेनाने डोळे मिटले. एवढ्यासाठीच तर तिने जीव धरून ठेवला होता. पोरीच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

“आई,” मिमय तिच्या कानाशी लागून, लाडात येऊन म्हणाली, “मग तू परत कधी जाणार?”