गाढवांच्या खिंडीची वाट

उन्हं कलली, खिंडीत उतरलेले सगळे परत आले, पण काठीवाली बाई काही आली नाही. अर्गिरोनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

सकाळी ती बाई अर्गिरोच्याच दारात उभी राहिली होती. परदेशी, अर्गिरोच्याच वयाची, एक पाय ओढत चालणारी. परक्या हेलाच्या ग्रीकमध्ये तिनं विचारलं, पेरिस्तेराच्या किनाऱ्याला वाट कोणती? अर्गिरोचं घर अगदी वाट फुटते तिथंच. डावीकडची वाट पेरिस्तेराला जाते, उजवीकडची गाढवांच्या खिंडीत. परक्या माणसाला अर्गिरो कैक वर्षं उजवीकडे धाडत आली होती. आजही हात उजवीकडेच गेला. सवयीच्या हाताला समोरच्याचा पाय कुठला दिसायला!

यात पाप आहे असं गावाला कधी वाटलं नव्हतं. शेजारच्या गावानं भोळेपणानं आपला किनारा पर्यटकांना दाखवला आणि घालवून बसलं. आता तिथं छत्र्यांच्या रांगा लागतात आणि गावच्या म्हाताऱ्यांनाच वाळूत टेकायला जागा मिळत नाही. पेरिस्तेराचं तसं होऊ द्यायचं नाही, असं सगळ्यांनी चर्चच्या अंगणात ठरवलं. विचारील त्याला खिंड दाखवायची.

खिंडीत होतं काय? जुन्या काळी मेलेली गाढवं तिथं ढकलून देत. वास आणि हाडं, दुसरं काय असणार! गावातलं कुणी जन्मात खाली उतरलं नव्हतं. शेळी तिकडं वळली तरी धोंडा मारून माघारी आणत. समुद्रावरून पाहावं तर नुसती कड्याची भिंत. परके लोक सकाळी जात आणि संध्याकाळी मान खाली घालून परतत, कुणाशी अवाक्षर बोलत नसत. फजिती झालेला माणूस बोलणार तरी काय, असं म्हणत गाव कॉफी पीत हसायचं.

आज मात्र अर्गिरोला हसू येईना. परतलेल्या दोघा पोरांना तिनं काठीवाल्या बाईबद्दल विचारलं. ते चपापले आणि एकमेकांकडे पाहून सटकले. गरम वारा सुटला होता, वाट घसरडी असणार, आणि ती बाई लंगडी.

तिचा दीर मनूसोस कॉफीच्या दुकानापुढं पत्ते कुटत बसला होता. दोर घे आणि चल, असं ती म्हणाली, तर तो पत्त्यांतून डोकं वर काढीना.

"वहिनी, इतकी वर्षं लोकांना खड्ड्यात घातलंत, आजच कशी दया आली? बसली असेल कुठं सावलीला."

"तिचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या हातून झालं, मनूसोस. तुम्ही नुसते हसलात. वाट मी दाखवली."

पाण्याची बाटली आणि एक चादर घेऊन ती एकटीच निघाली. चादर कशाला घेतली, याचा विचारही तिला नको होता. वाटेनं ती मारियामातेला विनवत होती, बयो, तिला जिती ठेव, पुन्हा खोटं बोलणार नाही. वाट चांगली मळलेली होती. अवघड जागी कुणीतरी दगड नीट रचले होते. तिला नवल वाटलं, पण नवल करत बसायला सवड कुणाला होती?

शेवटच्या वळणावर खाली काहीतरी पांढरं चमकलं. हाडं! ती तिथंच थांबली. मग डोळे पुसून तिनं नीट पाहिलं.

हाडं नव्हती. गोटे होते, पांढरेशुभ्र, धुतल्यासारखे. कड्याच्या भिंतीला मधे एक भेग होती आणि तिच्यातून समुद्र आत येऊन तळ्यासारखा निवांत पसरला होता. पाणी इतकं नितळ की आधी दिसलंच नाही. तळाशी माशांच्या सावल्या हिंडू लागल्या तेव्हा कळलं, हे पाणी. भेगेतून तिरपं ऊन आलं होतं आणि सगळा कडा आतून उजळला होता. वारा नाही, आवाज नाही.

"अगं आई गं," अर्गिरो पुटपुटली. सगळा जन्म ती याच्या डोक्यावर राहिली होती. वरच तिनं पाव भाजले, वरच नवऱ्याला पुरलं, आणि हे एवढं खाली होतं. पेरिस्तेरावर तिचा जीव होता. पण पेरिस्तेरा याच्यापुढं काहीच नव्हता, आणि हे मनाशी कबूल करताना तिला रडू फुटलं.

काठी काठावर पडली होती. बाई गळ्याएवढ्या पाण्यात होती आणि लहान मुलीसारखी स्वतःभोवती गिरक्या घेत होती. अर्गिरोला पाहून ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली आणि दगडांना धरत-धरत बाहेर आली. अर्गिरोनं चादर तिच्या ओल्या अंगावर टाकली. मी तुला मुद्दाम चुकीची वाट दाखवली, मला माफ कर, असं ती म्हणाली.

बाई हसली. ते आम्हाला माहीत आहे, म्हणाली. तिला तिच्या लेकीनं सांगितलं होतं, लेकीला आणखी कुणी. भोळा चेहरा करून पेरिस्तेराची वाट विचारायची, कोपऱ्यावरची आजी बरोबर इकडं धाडते. दगड ज्यानं त्यानं येता-जाता रचलेले. कागदाचा कपटासुद्धा मागं ठेवायचा नाही. आणि परतताना गावातून मान खाली घालून जायचं, तोंडावरचा आनंद दिसला तर घात व्हायचा.

मग तिनं अर्गिरोचे दोन्ही हात धरले आणि काकुळतीला येऊन म्हणाली, "एवढं करा, गावात कुणाला कळू देऊ नका. एकदा लोक यायला लागले की अशी जागा राहत नाही हो."