उत्तराची कॅसेट

पुरस्कारविजेत्या विनोदवीर बाळाला मान वर करवेना. कुवेतच्या मराठी मंडळात त्याने आज आपल्या जुन्या खोलीसोबत्याची, जयरामची, नक्कल करून सभागृह हसवले होते. आणि आता रंगपटात त्याच दिवंगत जयरामची बायको, नर्मदा, समोर उभी होती. इथे कुवेतमध्ये नर्स असलेल्या लेकीकडे ती आली होती.

"वहिनी, चुकलो. तुम्ही समोर बसला आहात हे ठाऊक नव्हतं."

"आमचे हे जन्मात कधी मोठ्यान हसले नाय," ती म्हणाली. "कॅसेटीत मात्र खदखदून हसायचे. पहिल्याच कॅसेटीक मी वळाखलंय, बोलणारो दुसरोच कोण तरी आसा."

बाळा चपापला. कुवेतच्या अब्बासिया वस्तीतल्या त्यांच्या खोलीत टेपरेकॉर्डर समोर आला की अबोल जयरामची वाचाच बसे. मग पत्राऐवजी घरी पाठवायची कॅसेट जयरामच्या आवाजात बाळाच भरत असे.

"त्या दिवसांत घर हसता ठेवलंस. उपकार आसत रे तुझे."

"उपकार तुमचे. उत्तराच्या कॅसेटीत तुम्ही हसायचात, ती मला मिळालेली पहिली दाद." त्याचा स्वर खाली आला. "वहिनी, ते हसणं कुणासाठी होतं? त्याच्यासाठी, की माझ्यासाठी?"

नर्मदेने पदर सावरला आणि ती दारात थांबलेल्या लेकीच्या दिशेने चालू लागली.