डोरीनची अट

अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली होती आणि कार्लबी टाउन एका गोलने पुढे होतं. विल्फ अ‍ॅक्रॉइडने मांडीवरच्या कापडी पिशवीवर दोन्ही हात ठेवले. पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात त्याच्या बायकोची, डोरीनची राख होती.

"आज होतंय बघ," नॉर्मन म्हणाला. डोरीनच्या, आता रिकाम्या असलेल्या, खुर्चीपलीकडे तो एकतीस वर्षं बसत होता. "क्लाइव्हने खड्डासुद्धा करून ठेवलाय."

खरंच, गोलच्या जाळीमागे मैदानाचा माळी क्लाइव्ह फावड्यावर रेलून उभा होता. त्याच्या पायाशी गवताचा ताटाएवढा तुकडा कापून बाजूला काढलेला होता.

डोरीन जुलैमध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात तिने हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, "मला गोलच्या मागे पुर. पण हरल्याच्या दिवशी नाही हं. घरच्या मैदानावर जिंकतील त्या दिवशी. कायमचं पडून राहायचंय, तर निदान चांगल्या मूडमध्ये." विल्फने शब्द दिला. ऑगस्टमध्येच होऊन जाईल असं दोघांनाही वाटलं. आदल्या वर्षी संघ सहावा आला होता.

ऑगस्टमध्ये तीन गोलनी हरले. क्लाइव्हने गवताचा तुकडा परत लावला आणि विल्फ डबा घेऊन घरी आला. सप्टेंबरमधले सगळे सामने हरले. नाताळच्या आधी मॅनेजरची नोकरी गेली. दुसरा आला, फेब्रुवारीत त्याचीही गेली. कधीतरी बरोबरी व्हायची. मग नॉर्मन विचारायचा, "बरोबरी नाही का रे चालणार तिला?"

"डोरीनला? अर्धा कप चहा तरी कधी चालायचा का तिला?"

घरी परतताना विल्फ पिशवी बसच्या खिडकीशी ठेवायचा. डोरीन खिडकीशीच बसायची. मग पहिल्या मिनिटापासून तो तिला सामना सांगायचा. कोण पळालं, कोण नुसतं उभं राहिलं, रेफरीने कुठे माती खाल्ली. जिवंत असताना हे सगळं डोरीन बोलायची आणि तो ऐकायचा. आता तो बोलत होता. सांगून संपेपर्यंत त्यांचा थांबा यायचा. बसमधल्या लोकांना त्याची सवय झाली होती.

गाव मात्र पेटलं होतं. संघाच्या मालकाच्या गाडीवर अंडी फेकली गेली. एप्रिलमध्ये पाच सामने शिल्लक असतानाच संघ खालच्या लीगमध्ये जाणार हे पक्कं झालं, तेव्हा सहा फुटी नॉर्मन लहान पोरासारखा रडला. विल्फने त्याला थर्मासमधला चहा ओतून दिला. तो स्वतः वर्षभरात एकदाही ओरडला नव्हता. लोक म्हणायचे, बिचाऱ्याची बायको गेली, त्याला आता फुटबॉलचं काय.

त्या दिवशी क्लाइव्ह त्याला गेटपाशी भेटला.

"ऐक माझं. खाली तर गेलोच आहोत. आता ठेवून टाक तिला."

"शब्द दिलाय."

"अरे, मी मेमध्ये रिटायर होतोय. नवा माणूस कंपनीचा आहे. तो राखबिख काही चालू देणार नाही."

"अजून घरचे दोन सामने आहेत," विल्फ म्हणाला.

त्यातला एक हरले. आजचा शेवटचा. एकसष्टाव्या मिनिटाला चेंडू पाहुण्या संघाच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागून त्यांच्याच जाळीत गेला. गोल कसा झाला याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. वर्षात पहिल्यांदा लोक गायला लागले. विल्फ गायला नाही. तेव्हापासून तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता.

नव्वद मिनिटं झाली. रेफरीने चार मिनिटं वाढवून दिली. तिसऱ्या मिनिटाला पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा गोलकीपरसुद्धा धावत पुढे आला. विल्फने डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. नॉर्मनने ते पाहिलं आणि रिकाम्या खुर्चीवरून हात लांब करून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"मीही तेच मागतोय, दोस्ता," तो म्हणाला.

चेंडू आला. गर्दीतून कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि जाळीत गेला. क्लाइव्ह उभा होता त्याच जाळीत. पाहुण्यांचे शेदोनशे लोक कोपऱ्यात नाचत होते. बाकी मैदानावर कुणी खोकलंसुद्धा नाही.

"तिच्यासाठी तरी," नॉर्मन म्हणाला. "वर्षात एकदा तरी जिंकायचं होतं रे."

विल्फने मान वर केली नाही. शिट्टी झाली. लोक उठून जाऊ लागले. क्लाइव्हने गवताचा तुकडा जागेवर बसवला, बुटाने दाबला आणि विल्फकडे बघून टोपी काढली.

बसमध्ये विल्फने पिशवी खिडकीशी ठेवली. एरवी बस सुटली की तो बोलायला लागायचा. आज बाजार गेला, चर्च गेलं, शाळा गेली, तरी तो गप्प होता. पुढच्या सीटवरच्या बाईने एकदा मागे वळून पाहिलं.

थांबा जवळ आला तेव्हा त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"डोरीन," तो हळूच म्हणाला, "रागावू नकोस गं. तो गोल मीच मागितला."