डाव्या चाकाचा नट

"उघडू नका," लक्ष्मीबाई पायरीवरून म्हणाल्या. "तीन वाजता क्रेन येणार हाय. जाऊ द्या तशीच."

नानासाहेबांनी डाव्या चाकाचे नट सैल केले, जॅक लावला आणि गाडीखाली लाकडाचे दोन ठोकळे सरकवले. गारखेड्यातल्या त्या अंगणात गाडी सात महिने ताडपत्रीखाली उभी होती. पुढची डावी बाजू पार आत गेलेली, चाक बाहेर फाकलेलं. आज शहागंजचा भंगारवाला ती उचलून नेणार होता. म्हणजे जे बघायचं ते आजच बघायला हवं होतं.

इंद्रजीत त्यांचा एकुलता एक मुलगा. सात महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता, "नाना, खड्ड्यात गेलं की पुढून खट वाजतंय." नानासाहेबांनी वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनी दुरुस्त केलेल्या. गाडी गॅरेजला द्यायची म्हटलं की त्यांना कमीपणा वाटायचा. त्यांनी अंगणातच चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं आणि तिथल्या तिथं दोष सांगितला. चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा बॉल जॉइंट झिजला होता. संध्याकाळी त्यांनी नवा बसवला. नट आवळला. त्या नटातून एक पिन आरपार घालायची असते आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे असतात, म्हणजे धक्क्यांनी नट फिरून निघत नाही. नेमकी तेव्हाच लाइट गेली. इंद्रजीतनं मोबाइलचा उजेड धरला. "नाना, माझ्यापेक्षा ह्या गाडीचेच लाड जास्त करता तुम्ही," असं म्हणून तो हसला. ते हसणं नानासाहेबांना लख्ख आठवत होतं. पिन घातल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणच्या रस्त्यावर गाडी एकाएकी डावीकडं ओढली गेली आणि झाडावर आदळली. इंद्रजीत जागीच गेला. वेग जास्त होता, असं कागदावर आलं. लोकांनी नशिबाला बोल लावला.

नानासाहेब रडले नाहीत. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना ते स्वतः पाणी विचारत फिरले. मन लई घट्ट हाय माणसाचं, असं कुणीतरी म्हणालं. घट्ट कसलं, ते बधिर झालं होतं. दाढ काढण्याआधी डॉक्टरनं सुई दिली की हिरडी होते ना, तसं. किती वेळा ते ताडपत्रीपर्यंत गेले आणि परत फिरले. नट निघून आलेला दिसला, तर पोराला आपणच मारलं. बघितलं नव्हतं तोवर निदान माहीत तरी नव्हतं.

लक्ष्मीबाईही कामापुरतंच बोलायच्या. कधी कधी त्या नवऱ्याच्या हातांकडं एकटक बघायच्या आणि मग मान वळवायच्या. पोराच्या दुःखानं असं होतंय, असं नानासाहेबांनी धरलं. विचारलं कधीच नाही.

चाक निघालं. मागं सगळा वाळलेला चिखल होता. नानासाहेबांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि हळूहळू पुसत गेले. दांडा धडकेनं वाकून पिळवटला होता. त्याच्या टोकाशी बॉल जॉइंट होता. त्याच्यावर नट होता, जसाच्या तसा. नटातून पिन आरपार गेली होती आणि तिचे दोन्ही पाय नीट वाकवलेले होते, एक वर, एक खाली. तीस वर्षं ते असेच वाकवत आले होते.

त्यांनी पिनेवरून बोट फिरवलं. जीव हलका व्हायला हवा होता. झाला नाही. पोरगं काही परत येणार नव्हतं.

"अगं," ते कोरड्या आवाजात म्हणाले, "नट जागेवर हाय. पिन बी हाय. गाडी आपल्या दारातून नीट गेली व्हती. दांडा झाडावर आदळून वाकलाय."

लक्ष्मीबाई पायरीवरून उतरल्या. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्या गाडीजवळ आल्या. वाकून त्यांनी खूप वेळ त्या नटाकडं बघितलं. मग घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्याच्या तळातून त्यांनी एक गंजकी, वाकडी पिन काढली आणि नवऱ्याच्या काळ्या तळहातावर ठेवली.

"मग ही कुणाची?" त्यांनी विचारलं. "त्या दिशी सकाळी झाडताना घावली. गाडी उभी व्हती तिथंच. तो निघून गेला व्हता. मग दहा वाजता फोन आला. मी ही कुणालाच दाखवली नाय. पोलिसाला नाय, तुमालाबी नाय."

नानासाहेबांनी पिन बोटांत धरून फिरवली.

"ही जुनी," ते म्हणाले. "एकदा वाकवलेली पिन पुन्हा घालत नसतेत. सरळ करताना मोडती ती. दर टायमाला नवी घालायची आन जुनी फेकून द्यायची. मीच फेकली असंल खाली."

लक्ष्मीबाई तिथंच धुळीत बसल्या.

"म्हंजे तुमच्या हातनं नाय झालं," त्या म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

नानासाहेब बायकोकडं बघत राहिले. आपल्या पोराचा जीव ह्याच माणसानं घेतला, असं सात महिने ती मनाशी धरून बसली होती. आणि त्या सात महिन्यांत एकदाही तिनं त्यांच्या ताटात शिळी भाकरी वाढली नव्हती.