आजींची झडती

"आजी, जरा उठून उभ्या राहाल का?"

विमानतळावर तपासणीच्या दारात उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं आणि व्हीलचेअरमधल्या आजींच्या छातीत धस्स झालं. आनंदानं. चार वर्षांत सतरा वेळा त्या अशा दारांतून गेल्या होत्या, पण उठायला त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आजींचे गुडघे ठणठणीत होते. बुडाखालच्या उशीत मात्र काळ्या पट्टीनं गुंडाळलेलं, तारा बाहेर आलेलं एक चपटं पुडकं होतं. दिसायला बॉम्ब, आत नुसती माती. असल्या दारांची परीक्षा घेणाऱ्या खात्यानं आजींना नेमलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यासाठी. पांढरे केस, जाड चष्मा, बोळकं तोंड. बघणाऱ्याला स्वतःची आजी आठवायची आणि तो हात जोडून वाट करून द्यायचा. पहिल्यांदा निसटल्या तेव्हा आजींना गंमत वाटली होती. आता दर वेळी रात्रभर झोप लागायची नाही.

आणि उद्या सकाळी याच दारातून त्यांची सून आणि तीन वर्षांची नात जाणार होती. आठ दिवस आजी सुनेच्या मागे लागल्या होत्या, पुढच्या महिन्यात जा म्हणून. कारण सांगायची सोय नव्हती. या दारातून त्या स्वतः दोनदा पुडकं घेऊन गेल्या होत्या.

खात्याचा नियम कडक होता. इशारा करायचा नाही. उठायला सांगितलं तर दोनदा नकार द्यायचा, तोही जीव ओतून. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या आजींच्या रक्तात पेपर फोडणं नव्हतं.

"नाही गं बाळा, गुडघे गेलेत माझे," त्या कण्हल्या.

मुलगी थबकली. नवीच असावी, गणवेशाची घडीसुद्धा मोडली नव्हती. मागे रांग तुंबली होती.

"अहो, म्हाताऱ्या माणसाला कशाला छळताय?" मागचे एक गृहस्थ म्हणाले. "आमची विमानं सुटतील इथं."

शेजारच्या यंत्रावरच्या बाईंनी मान वळवली. "पिशवी तपासलीस ना? मग जाऊ दे त्यांना."

जाऊ दे. सतरा वेळा ऐकलेले शब्द. आजींनी डोळे मिटून घेतले. पोरी, हलू नकोस, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते ठरलेलंच.

"तुझ्या आजीला असं उठवशील का गं?"

म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला. असल्या वाक्यावर भलेभले विरघळतात, हे त्यांना ठाऊक होतं.

मुलीचे कान लाल झाले. तिनं एक प्लास्टिकची खुर्ची ओढून व्हीलचेअरला लावली आणि वाकली. "माझ्या गळ्यात हात टाका. दुखलं तर सांगा, मी थांबेन. पण उठावं लागेल, आजी."

आजींनी हात टाकले. पोरीची मान घामानं ओली होती. तिनं त्यांना अलगद शेजारच्या खुर्चीत बसवलं. उशी दाबली. पुन्हा दाबली. मग उशीची चेन उघडली आणि मुलगी पांढरीफटक पडली.

ओरडली मात्र नाही. उशी जिथल्या तिथे ठेवून तिनं धोक्याचं बटण दाबलं, आजींची खुर्ची ओढत दूर नेली, सगळ्या रांगेला मागे हटवलं आणि शेवटी स्वतः मागे आली.

आजींनी घाईघाईनं खात्याचं पत्र काढलं. "घाबरू नकोस गं. परीक्षा होती. पास झालीस."

मुलीनं पत्र वाचलं. "असलं पत्र कुणीही छापून आणेल. तुम्ही हलू नका." पत्रावर छापलेला नंबर तिनं लावलाच नाही. भिंतीवरच्या आपल्या यादीतला खात्याचा नंबर शोधून त्यावर फोन केला. इतकं पक्कं पोर आजींना तीस वर्षांत वर्गातसुद्धा क्वचितच भेटलं होतं.

तासाभरानं सगळी खात्री झाली आणि रांग पुन्हा सुरू झाली. मघाचे गृहस्थ बूट काढून, पट्टा हातात धरून निमूट उभे होते.

"मला सगळे सोडतात," निघताना आजी म्हणाल्या. "तू कशी नाही सोडलंस?"

"तुमच्याकडे बघितलं असतं तर मीही सोडलं असतं." मुलगी पहिल्यांदाच हसली. "म्हणून मी खुर्चीकडेच बघत होते."

आजींना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

बाहेर पडतात तोच सुनेचा फोन आला. "आई, आहात कुठं? मी इकडे उद्याची बॅग भरतेय. आता पुन्हा नका हं सुरू करू, जाऊ नको म्हणून."

"जा की. मी कुठं नको म्हणतेय?" आजी डोळे पुसत म्हणाल्या. "फक्त घरून तासभर लवकर निघा. इथली माणसं फार वेळ खातात."