जोत्याची भेग

उन्हाळा तापला की धोंडीबांच्या अंगणातला कोबा फुगायचा, सरकायचा आणि घराच्या जोत्याला रेटायचा. जोत्याला भेग पडायची. मग वर्तकनगरला वेगळा राहणारा त्यांचा मुलगा साईनाथ एखाद्या रविवारी मोहने गावातल्या या घरी यायचा.

"अण्णा, वाढली का?"

"वाढली जराशी."

बापलेकांत एवढंच बोलणं उरलं होतं. आपणहून पडतं घेणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. साईनाथ उकिडवा बसून भेगेत सिमेंट भरायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि निघून जायचा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा फोनही नसे.

यंदा तो यायच्या आधीच, शेजारी कामाला आलेला बाबू गवंडी कुंपणावरून डोकावला.

"काका, कोबा घराला चिकटवून टाकलाय, तो ढकलणारच. मधे बोटभर फट कापतो, डांबर भरतो. परत भेग पडली तर नाव बदला माझं."

"नको."

"अहो, असंच चाललं तर एक दिवस जोतं जाईल."

"जाऊ दे. घर माझं आहे."

धोंडीबांनी तोंड फिरवलं. भेगच पडली नाही तर पोरगा कशाच्या निमित्ताने येणार, हे परक्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

बाबूने कपाळाला हात लावला. "कमाल आहे तुमच्या घराची! गेल्या साली साईनाथला पण हेच बोललेलो. तो पण असाच तोंड फिरवून नको म्हणाला. वर मला दम दिला, अण्णांना यातलं काही सांगू नकोस म्हणून."