मेधतची स्वस्तातली अटारी

"काका, हात थरथरत असतील तर आत्ताच सांगा. उगाच हसं व्हायचं," मेधत म्हणाला आणि टीव्हीखाली आपलं यंत्र मांडू लागला.

लेकीला मागणी घालायला आलेल्या मेधतला रागिबकाकांची अट एकच होती. ऐन तारुण्यात इस्कंदरियाच्या मुहर्रम बे मोहल्ल्यात, अटारीच्या म्हणजे व्हिडिओ गेमच्या दुकानात, फुटबॉलच्या खेळात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. "त्याच खेळात मला हरव, इनास तुझी. हरलास तर या दारात पुन्हा यायचं नाही."

ते खेळ कधीच भंगारात गेले होते. मेधतनं घरीच जमवाजमव केली. बंद पडलेल्या डिश-रिसीव्हरचा खोका, त्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड, मेमरी कार्डात शेकडो जुने खेळ. शुक्रवारच्या बाजारातून बिनवायरचे तीन कंट्रोलर आणले, त्यातला एक जादाचा. सगळं मातीमोल भावात. या थेरड्यासाठी आणखी किती खर्चायचं?

दारातच त्यानं इनासच्या हातात पिशवी कोंबली होती. "जादाचा कंट्रोलर आहे आत. हात लावू नकोस. तुला त्यातलं काय कळणार!"

आता ती मागच्या सोफ्यावर शालीत हात खुपसून बसली होती. लाजतेय बिचारी, असं मेधतला वाटलं.

"जो आधी बटण दाबेल तो लाल संघ, नंतर दाबेल तो निळा," त्यानं पोराटोरांना सांगावं तसं सांगितलं. "डोक्यात शिरलं ना?"

"बघतो बाबा," काका म्हणाले.

खेळ सुरू झाला. काका कणीक मळावी तसे बटणं दाबत होते. अर्धा वेळ तर ते मेधतच्याच तोंडाकडे बघत होते. मेधतला हसू आवरेना.

तेवढ्यात निळ्यानं गोल मारला.

"आंधळ्याच्या गाई देव राखतो," मेधत पुटपुटला.

दुसरा गोल झाला. तिसरा झाला. त्याला घाम फुटला. मेलं यंत्रच भिकार, स्वस्तातला माल तो स्वस्तातलाच! चौथ्या गोलावर शिट्टी वाजली.

"हे काही खरं नाही! तुमचा कंट्रोलर आणा इकडे. पुन्हा खेळू!" त्यानं तो काकांच्या हातातून हिसकावला. बटण दाबलं. काहीच हललं नाही. उलटा करून पाहिला, तर आत सेलच नव्हते.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून दोन सेल काढून त्याच्या तळहातावर ठेवले. "तुझेच आहेत. पोरीच्या वतीनं मी कधी उत्तर देत नाही रे."

मागे इनासनं शालीतून तिसरा कंट्रोलर बाहेर काढला.

"चारदा नाही म्हटलं," ती म्हणाली. "अजून एकदा म्हणू?"